पुणे ते लंडन नक्की किती तास? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळा हिशोब

माझी धाकटी बहीण लंडनमध्ये हॅरोला राहते, आणि गेल्या काही वर्षांत आईबाबा, मावशी, नंतर सोसायटीतले दोघं-तिघं अशा बऱ्याच जणांची लंडनवारी मी इथे पुण्यात सिंहगड रोडवर बसून प्लॅन करून दिलीये. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती तासाचं विमान आहे गं? मग कोणीतरी मोबाईलवर बघतं, साडेनऊ तास दिसतात, आणि सगळं गणित त्या साडेनऊवर सुरू होतं. तिथेच चुकतं. साडेनऊ तास विमान लागतं, तुम्हाला त्याच्या दुप्पट लागतात. आणि तो आकडा काढायला फार हुशारी लागत नाही, एक कागद, एक पेन आणि एकच घड्याळ, ते पण भारताचं. सगळा प्रवास शेवटपर्यंत भारतीय वेळेतच मोजायचा, बाकी पुढे सांगते ते सगळं त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी अंतर बघू, कारण लोकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुणे ते लंडन सरळ हवाई अंतर साधारण ७,३०० किलोमीटर आहे, आणि मुंबई ते हीथ्रो, म्हणजे लंडनचा मुख्य विमानतळ, साधारण ७,२००. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, म्हणून दुसराच आकडा आपल्या कामाचा. याचं कारणही माहीत असलेलं बरं, कारण दरवेळी कोणीतरी विचारतंच की एवढं मोठं पुणं आणि इथून का नाही. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, आपली प्रवासी विमानं तिथे पाहुणी, आणि धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. इंधन आणि माणसांनी पूर्ण भरलेलं मोठं विमान लंडनपर्यंत न्यायचं तर त्याहून लांब पट्टी लागते, मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. त्यामुळे पुण्यातून थेट परदेशी विमानं मोजकीच, दुबईसारख्या जवळच्या ठिकाणांना, आणि ती पण सीझनप्रमाणे चालू-बंद होत असतात.

आता हे ७,२०० कुठून आलं? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते लंडन रेघ मारली तर ती बगदादच्या जवळून जाते. पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर मुंबई आणि लंडन या दोन टोकांना दोरा ताणून धरा, तो दोरा बगदादच्या कितीतरी उत्तरेला जाऊन जॉर्जियातल्या तिबिलिसीपाशी निघतो आणि पुढे युक्रेनवरून जातो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच, सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो एवढंच. मी भाच्याला हे गोल आणि शिवणाचा दोरा घेऊन दाखवलं होतं, त्याने मग गोलावरचे सगळे देश असे दोऱ्याने मोजून काढले, अर्धा तास गोल सोडलाच नाही. सांगायचं कारण हे की ऑनलाइन दिसणारं अंतर हे त्या दोऱ्याचं असतं, विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जातंच असं नाही. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे विमानं दक्षिणेकडून वळसा घेतात. आकाश बंद होणं नवीन नाही, २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत स्वतःचं आकाश बंद ठेवलं होतं तेव्हा पण उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचा वेळ वाढला होता. म्हणून मागच्या वर्षी कोणाला किती वेळ लागला यावर जाऊ नका, तुमच्याच तिकिटावरचा वेळ बघा. अजून खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ या साइटवर तुमच्या विमानाचा नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ते खरंच किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. मी तिकीट काढण्याआधीच हे बघते, रोज तासभर उशिरा निघणारं विमान असेल तर पुढच्या कनेक्शनचा विचार वेगळा करावा लागतो.

अंतरावरून वेळ काढायचा सोपा हिशोब सांगते. किलोमीटरला ८०० ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. विमान वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० ने जातं, पण चढायला, उतरायला आणि धावपट्टीपर्यंत रांगत जायला वेळ जातो म्हणून ८०० धरायचं. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन तासाला थोडं कमी. मुंबई-सिंगापूर ३,९००, म्हणजे साडेपाचच्या आत. लंडन ७,२००, नऊ अधिक अर्धा, साडेनऊ. न्यूयॉर्क साडेबारा हजारच्या आसपास, म्हणजे सोळा तास. तिकिटावरच्या वेळेत आणि यात जाताना अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतो, वळसा मोठा असेल तर थोडा जास्तही.

येताना मात्र फरक पडतो आणि तो बऱ्याच जणांना चूक वाटते. वर नऊ-दहा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तो जास्त असतो. लंडनला जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीवर घेतो. म्हणून जायला साडेनऊ-दहा तास आणि यायला पावणेनऊ-नऊ. तिकिटात काही गडबड नाहीये, फोन करून विचारत बसू नका.

आता घड्याळ, आणि इथे जरा सावकाश वाचा.

तिकिटावर प्रत्येक वेळ ही त्या-त्या गावची असते. निघायची वेळ मुंबईची, पोचायची लंडनची. समजा लिहिलंय मुंबई ०२:३०, लंडन ०७:३०. सरळ वजाबाकी केली तर पाच तास येतात, आणि खरंच मला एकांनी विचारलं होतं की पाच तासात पोचतं का. नाही. लंडनच्या वेळेचं आधी भारतीय वेळेत रूपांतर करायचं आणि मग वजाबाकी. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथले साडेसात म्हणजे इथले दुपारचे बारा. अडीच ते बारा, साडेनऊ तास, जुळलं. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासाचा होतो, कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. आपण काही हलवत नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे, पंधरा अंशाला एक तास या हिशोबाने ते ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे येतं, हा अर्धा तास तिथूनच आला. तुमचं जाणं ऑक्टोबरच्या मध्यावर आणि येणं नोव्हेंबरमध्ये असेल तर जाताना साडेचार आणि येताना साडेपाच धरायचे, हे विसरू नका. माझे बाबा हिवाळ्यात एक युक्ती करतात, हातातलं काट्याचं घड्याळ उलटं धरायचं, सहाचा आकडा वर, की साधारण लंडनची वेळ दिसते. एकदा करून बघा. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती एक तासाने फसते.

आणि तारीख. रात्री बारानंतरच्या विमानात जितक्या लोकांची विमानं चुकतात तितकी कशातच नाही, असं माझं ठाम मत झालंय. आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंचं तिकीट होतं १४ तारखेचं, ०१:४० चं. त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं १४ ला रात्री विमान, १४ ला दुपारी बॅगा बांधल्या, लाडू-चिवडा भरला, शेजाऱ्यांकडे किल्ली दिली, आणि संध्याकाळी सहा वाजता मला फोन केला की कॅब किती वाजता बोलवू. मी तिकीट मागवून बघितलं. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं, सोळा-सतरा तास झाले होते. मला त्यांना ते सांगायचं होतं, ते दोन मिनिटं अजून आठवतात. पैसे जवळजवळ सगळे गेले आणि नवीन तिकीट दुप्पट भावात काढावं लागलं. त्यानंतर मी कोणाच्याही कागदावर नुसती तारीख लिहीत नाही, वार आणि दोन्ही तारखा लिहिते: १३ ची रात्र, १४ ची पहाट, घरातून १३ ला संध्याकाळी निघायचं. कॅलेंडरवर पण १३ वरच गोल करायचा.

मग येतो घर ते विमानतळ. पुणेकरांसाठी हाच सगळ्यात बेभरवशाचा तुकडा, विमानापेक्षा जास्त.

हवेतून पुणे-मुंबई १२० किलोमीटर, रस्त्याने घरापासून सहारच्या टर्मिनल २ पर्यंत दीडशेच्या वर. एक्सप्रेसवे किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत साधारण ९५ किलोमीटर, तो रिकामा असेल तर सव्वा तासात संपतो, पण त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे ते तुम्हाला माहितीये. सिंहगड रोड किंवा कोथरूडवरून संध्याकाळी बाहेर पडायलाच पाऊण तास, तिकडे वाशी-चेंबूर आणि पुढे अंधेरीपर्यंत परत तेवढंच. मी कायम चार तास धरते आणि त्यावर दीड तास मोकळा ठेवते. शुक्रवार संध्याकाळ, लागून सुट्ट्या किंवा जोराचा पाऊस असेल तर अजून एक तास. आईबाबांना सोडायला गेलो तेव्हा खंडाळ्याच्या बोगद्याच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता आणि आम्ही एक तास पन्नास मिनिटं एका जागी उभे होतो, इंजिन बंद, लोक गाडीतून उतरून रस्त्यावर फिरत होते, बाबा दर पाच मिनिटाला घड्याळ बघत होते. संध्याकाळी सहाला निघालो होतो म्हणून रात्री अकरा वीसला टर्मिनलच्या दारात उभे राहिलो. ड्रायव्हरदादा आठला निघा म्हणत होते, आठला निघालो असतो तर विमान गेलंच होतं.

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, हे तीन तास फुकट नाहीत. चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी साधारण एक तास आधी बंद होतो, बॅगांची रांग, मग इमिग्रेशन, मग सिक्युरिटी, आणि गेटपर्यंत चालणंच पंधरा मिनिटांचं. गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी मागून ठेवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि दुसऱ्या टोकाला इमिग्रेशनला वाट दाखवायला पण माणूस बरोबर मिळतो.

हल्ली एक गोष्ट नव्याने बघावी लागते. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरपासून तिथून विमानं सुरू झाली. पुणेकरांना ते बरंच सोयीचं, पनवेलच्या बाजूलाच, वाशी-चेंबूर ओलांडायचं काम नाही. पण तिकिटावर नुसतं मुंबई वाचून निघू नका, कोड बघा, बीओएम म्हणजे जुनं सहारचं आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. कॅबवाल्याला पण नाव नीट सांगा.

थेट विमान घ्यायचं की मधे बदलायचं? अंतराने फार फरक पडत नाही हे लोकांना पटत नाही. मुंबई-दुबई-लंडन मिळून ७,४०० किलोमीटर होतात, थेट अंतरापेक्षा फक्त दोनशेने जास्त, कारण दुबई जवळजवळ वाटेवरच आहे. पुणे-दिल्ली-लंडन करा, दिल्लीपर्यंत १,१७० आणि पुढे ६,७००, म्हणजे मुंबईहून थेट जाण्यापेक्षा जवळजवळ सातशेने जास्त, आधी उत्तरेला जायचं म्हणून. खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यात. तरीही माझं मत असं की पुण्याहून पहिलं विमान मिळत असेल तर दिल्लीमार्गे वाईट नाही, घाट टळतो, घरापासून लोहगाव तासाभरात, सामान एकदाच द्यायचं आणि लंडनलाच उचलायचं. फक्त इमिग्रेशन दिल्लीला होतं, त्यामुळे तिथे तीन तास तरी मधे हवेत. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी आईवडिलांसाठी घेऊ नका.

मधे बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा, हे दहा वेळा बघा. एक तिकीट असेल आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर. दोन वेगळी तिकिटं जोडून दोन-चार हजार वाचवले आणि पहिलं लेट झालं तर दुसरं तिकीट बुडालं, बॅगा पण मधे बाहेर काढून परत द्याव्या लागतात, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे असतात, तिकीट काढण्याआधी मधल्या देशाच्या अधिकृत साइटवर बघा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर नको.

आता तो कागद. आईला मी वहीचं एक पान लिहून दिलं होतं, चार घड्या घालून तिने ते पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं, सगळ्या वेळा भारतीय:

संध्याकाळी ६:०० घर सोडायचं (१३ तारीख)
रात्री १०:०० सहार, उशिरात उशिरा ११:३०
रात्री २:३० विमान (१४ सुरू)
सकाळी ८:०० बीपीची गोळी
दुपारी १२:०० लंडनला उतरणार
दुपारी १:३० बॅगा घेऊन बाहेर
दुपारी २:३० हॅरोचं घर

म्हणजे साडेवीस तास. विमान साडेनऊ तासांचं, प्रवास साडेवीस. उतरल्यावरचा दीड तास इमिग्रेशनची रांग आणि बॅगांसाठी, आणि पुढे हीथ्रो ते हॅरो गाडीने पाऊण-एक तास. हॅरोला पोचले तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजले होते, आणि माझ्याकडे दुपारचे अडीच. मी फोनची वाट कधी बघायची हे मला पण त्याच कागदावरून कळत होतं, मधले साडेनऊ तास जिवाला घोर नव्हता.

गोळीची ओळ मुद्दाम घातली आहे. आठ वाजता भारतीय वेळ म्हणजे लंडनचे पहाटेचे साडेतीन, विमानात सगळे दिवे बंद, सगळे झोपलेले, समोरच्या स्क्रीनवर भलतीच वेळ. आईने हातातलं घड्याळ बदललं नव्हतं. तिने वाचायचा छोटा दिवा लावला, पर्समधून गोळ्यांची डबी काढली, बाबांना उठवून त्यांची पण गोळी दिली, आणि परत झोपली. ही गोष्ट तिने मला पोचल्यावर सगळ्यात आधी सांगितली. घड्याळ बदलायचं ते घरी पोचून चहा प्यायल्यावर, तोपर्यंत नाही. इन्सुलिन घेत असाल तर मात्र प्रवासातल्या आणि पुढच्या दोन दिवसांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, तिथे अंदाज नको. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत, खाली दिलेल्या बॅगेत नाही. आणि तासा-दोन तासाने उठून दोन फेऱ्या मारायच्या, पाणी प्यायचं.

परतीचा कागद वेगळा लिहा, जातानाचाच उलटा वाचू नका. लंडनहून १४ तारखेला रात्री साडेनऊचं विमान असेल तर ते भारतीय वेळेने १५ ला पहाटे दोनला निघालं. पावणेनऊ तास मिळवा, १५ ला सकाळी पावणेअकराला मुंबई. तिकिटावर पोचायच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +१ असतं, ते याचंच. हॅरोचं घर तिथल्या पाचला सोडलं म्हणजे आपल्या रात्रीच्या साडेनऊला, बाहेर पडेपर्यंत बारा, पुण्यात घरी चार, साडेअठरा तास झाले. न्यायला येणाऱ्या गाडीला १५ तारीख सांगायची, १४ नाही, आणि आदल्या रात्री ड्रायव्हरला फोन करून परत एकदा वाराचं नाव घेऊन सांगायचं.